'विक्रांत'च्या नावाने निघालेली 'राजपूत'

३ डिसेंबर १९७१ चा तो शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिम सीमेवरच्या विमानतळांवर हल्ले केल्याची बातमी आली आणि आमच्या चाळीतल्या साऱ्यांची पावले रेडिओ असलेल्या खोल्यांकडे वळली. पंतप्रधान इंदिरा गांधी रात्री देशाला उद्देशून बोलणार होत्या. माझे मामा मुंबईच्या नौदल गोदीत बॉयलरच्या कामावर होते. ते त्या रात्री घरी परतले नव्हते, म्हणून आईचा एक कान रेडिओकडे आणि दुसरा जिन्याकडे होता. आम्हा मुलांना झोपायला सांगितले होते. अर्थातच आम्ही झोपलो नव्हतो. मध्यरात्र उलटल्यावर ते भाषण झाले, आणि युद्ध सुरू झाले आहे हे आम्हाला कळले.

आमच्यासारखीच माणसे त्या वेळी देशाच्या दुसऱ्या टोकाला, विशाखापट्टणमलाही रेडिओभोवती बसलेली होती. भाषणाची वाट पाहत असताना, रात्री सव्वाबाराच्या सुमारास, एका प्रचंड धमाक्याने त्यांच्या घरांच्या खिडक्या हादरल्या. कित्येकांना भूकंपाची शंका आली. बंदराच्या तोंडाबाहेर, किनाऱ्यापासून फारशा दूर नाही अशा जागी, एक पाणबुडी तिच्यातल्या ९३ माणसांसह तळाला गेली होती. आणि काही मिनिटांपूर्वीच एक म्हातारी भारतीय विनाशिका तिथून बाहेर पडली होती. तिचे नाव 'आयएनएस राजपूत'.

ही हकिकत मला पुढे अनेक वर्षांनी मामांच्या तोंडून समजली. ते म्हणाले, "अरे, 'राजपूत' म्हणजे आमच्या गोदीतली जुनी गिऱ्हाईक. तिच्या बॉयलरच्या नळ्या बदलून आमचे हात काळे झाले. तिने काही पराक्रम करावा असं तिचं वयच राहिलं नव्हतं." तेव्हापासून ही बोट माझ्या मनात घर करून आहे. तिच्याविषयी मिळेल ते मी वाचत गेलो, आणि वाचता वाचता माझे एक मत बनले. ते शेवटी सांगेन. आधी बोटीची कुंडली पाहू.

'राजपूत'चा जन्म स्कॉटलंडमधला. क्लाइड नदीकाठच्या क्लाइडबँक गावात जॉन ब्राऊन कंपनीचा कारखाना होता. 'क्वीन मेरी' आणि 'क्वीन एलिझाबेथ' ही अवाढव्य प्रवासी जहाजे बांधणारा हाच तो कारखाना. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, मार्च १९४२ मध्ये तिथे एक विनाशिका पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. तेव्हा तिचे नाव होते 'रॉदरहॅम'. लांबी ३५८ फूट, वजन साधारण १,७०० टन, चार मोठ्या तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या, आणि पाणबुड्यांसाठी डेप्थ चार्ज. डेप्थ चार्ज म्हणजे ठरावीक खोलीवर गेल्यावर फुटणारे, स्फोटकांनी भरलेले पिंप.

विनाशिका या नावावरून काहीतरी भयंकर डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तिचे काम राखणदाराचे असते. मोठ्या युद्धनौका, मालवाहू जहाजांचे तांडे, सैन्य नेणारी जहाजे यांच्या भोवती तिने धावत राहायचे, पाणबुडीचा वास काढायचा आणि वेळ आलीच तर मालकाच्या अंगावरचा घाव स्वतःच्या अंगावर घ्यायचा. म्हणूनच तिचा पत्रा पातळ आणि इंजिने जबरदस्त ठेवलेली असतात. 'रॉदरहॅम' ताशी ३६ सागरी मैलांच्या वेगाने धावू शके.

युद्धातली तिची बरीचशी वर्षे आपल्याच शेजारच्या पाण्यात, हिंदी महासागरात गेली. एप्रिल १९४४ मध्ये श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरातून दोस्तांचे एक मोठे आरमार सुमात्राच्या टोकाजवळच्या साबांग या जपानी तळावर चालून गेले. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, फ्रेंच आणि डच अशा सहा देशांच्या युद्धनौका त्यात होत्या. विमानवाहू नौकांवरून उडालेल्या विमानांनी १९ एप्रिलच्या सकाळी साबांगचे तेलाचे साठे आणि विमाने उद्ध्वस्त केली. मोठ्या नौकांभोवती कडे करून चाललेल्या विनाशिकांमध्ये 'रॉदरहॅम' होती. पुढे सप्टेंबर १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा सिंगापूरच्या नौदल तळाचा ताबा घ्यायला जी बोट गेली ती हीच. तिथल्या सेंबावांग गोदीच्या एका दरवाज्याला तिच्यावरून 'रॉदरहॅम गेट' असे नाव पडले.

युद्ध संपले आणि ब्रिटनला इतक्या बोटींची गरज उरली नाही. इकडे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताला नौदल उभे करायचे होते. १९४९ साली एकाच जातकुळीच्या तीन विनाशिका आपल्याकडे आल्या. 'रॉदरहॅम'ची 'राजपूत' झाली, 'रिडाउट'ची 'रणजित' आणि 'रेडर'ची 'राणा'. तिन्ही नावांचे आद्याक्षर राखून केलेले हे बारसे मला फार आवडते. घरात आलेल्या सुनेचे नाव बदलताना जुन्या नावाची खूण ठेवावी तसे ते वाटते.

भारतीय झेंड्याखालच्या तिच्या सेवेतला एक प्रसंग गोव्याच्या आणि आपल्या जवळचा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीची 'ऑपरेशन विजय' ही मोहीम झाली. नौदलाने आपल्या बोटींचे गट पाडले होते. 'बेतवा' आणि 'बिआस' यांनी मार्मागोव्याजवळ पोर्तुगीज युद्धनौकेला निकामी केले, तो पहिला गट. दुसरा गट गोव्यापासून दूर, खुल्या समुद्रात पहारा देत होता. त्याच्या मध्यभागी त्याच वर्षी नौदलात आलेली कोरी करकरीत विमानवाहू नौका 'विक्रांत' होती, आणि तिच्या रक्षणासाठी 'दिल्ली', 'कुठार', 'किरपाण', 'खुकरी' आणि 'राजपूत'. म्हणजे 'विक्रांत'ची राखण हे काम 'राजपूत'ने आधीच केलेले होते. दहा वर्षांनी तिला 'विक्रांत'साठी काय करावे लागेल, याची मात्र तेव्हा कुणाला कल्पना असणार?

आता दुसऱ्या पक्षाची कुंडली. १९४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत 'डायब्लो' नावाची पाणबुडी पाण्यात उतरली. पुढच्या ऑगस्टमध्ये ती हवाई बेटांवरून पहिल्या लढाऊ फेरीवर निघाली आणि वाटेतच जपानविरुद्धचे युद्ध संपले. 'रॉदरहॅम' आणि 'डायब्लो' अशा एकाच युद्धात, एकाच बाजूला होत्या. १९६४ मध्ये अमेरिकेने 'डायब्लो' भाडेकराराने पाकिस्तानला दिली. तिचे नाव 'गाझी' ठेवले गेले. पाकिस्तानची ती पहिली पाणबुडी. १९६५ च्या युद्धात ती आपल्या मुंबईच्या समुद्रातच दबा धरून होती.

१९७१ मध्ये 'गाझी'वर सोपवलेली कामगिरी होती 'विक्रांत' बुडवण्याची आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यावर सुरुंग पेरण्याची. 'विक्रांत' बुडाली असती तर पूर्व पाकिस्तानची समुद्राकडून केलेली कोंडी ढिली पडली असती, आणि देशाच्या मनोधैर्यावर बसलेला घाव तर मोजता आला नसता. त्यात 'विक्रांत'ची प्रकृती ठीक नव्हती. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता आणि तिला पूर्ण वेग गाठता येत नव्हता. वेग कमी म्हणजे पाणबुडीच्या दृष्टीने सावज सोपे. मामा म्हणत, "बोटीचं वय पत्र्यावरून नाही, बॉयलरवरून कळतं." 'विक्रांत' अवघी दहा वर्षांची होती, पण त्या वर्षी बॉयलरने तिला म्हातारी केली होती.

१४ नोव्हेंबरला 'गाझी' कराचीहून निघाली आणि भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. आपल्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांना तिचा सुगावा एका साध्या गोष्टीवरून लागला. चितगावकडे एका खास प्रकारच्या वंगणाच्या तेलाविषयी विचारणा झाल्याचा बिनतारी संदेश आपल्या लोकांनी पकडला. ते तेल लागते फक्त पाणबुड्यांना आणि सुरुंग काढणाऱ्या बोटींना. कृष्णन यांनी ताडले, 'गाझी' येते आहे आणि ती 'विक्रांत'च्याच मागावर आहे.

त्यांनी 'विक्रांत'ला अंदमानात एका गुप्त जागी पाठवून दिले आणि ती विशाखापट्टणमच्याच परिसरात असल्याचा देखावा उभा केला. हा देखावा त्यांनी पुढे आपल्या आठवणींत सविस्तर सांगितला आहे. बंदरातल्या ठेकेदारांकडून मांस आणि भाजीपाला प्रचंड प्रमाणात मागवला, म्हणजे मोठा ताफा येणार अशी बाजारात बोलवा व्हावी. मद्रासच्या नौदल अधिकाऱ्याला फोन करून 'विक्रांत' येते आहे, धक्क्यावर जागा ठेवा, असे सांगितले. आणि 'विक्रांत'चे सोंग घ्यायला निवडली ती 'राजपूत'.

ही निवड ऐकून हसू यावे अशी होती. 'विक्रांत' ७०० फूट लांब, सोळा हजार टनांच्या घरातली. तिच्यापुढे 'राजपूत' म्हणजे हत्तीपुढे शेळी. त्यातून ती निवृत्तीला टेकलेली. पण पाण्याखालच्या पाणबुडीला आणि कराचीत कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला बोट दिसत नाही, तिचे संदेश तेवढे ऐकू येतात. 'राजपूत'ला किनाऱ्यापासून सुमारे १६० मैलांवर पाठवण्यात आले आणि मोठ्या नौकेवरून जातात तसे बिनतारी संदेशांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिने पाठवायला सुरुवात केली. त्यात एक तार मुद्दाम उघड्या भाषेत होती. 'विक्रांत'वरच्या एका खलाशाने आपली आई फार आजारी आहे, तिची प्रकृती कशी आहे, अशी चौकशी केली होती. तो खलाशी काल्पनिक, आई काल्पनिक, आजारही काल्पनिक. पण युद्धाच्या गडबडीत शिस्त मोडून आईची चौकशी करणारा मुलगा कुठल्याही देशाला खरा वाटावा. कृष्णन यांना माणसाची पारख होती.

हा सापळा लागू पडला. 'गाझी'तून पुढे वर काढलेल्या कागदांवरून दिसले, की विमानवाहू नौका बंदरात असल्याची खबर कराचीने तिला दिली होती आणि ती विशाखापट्टणमसमोर येऊन थांबली होती.

३ डिसेंबरच्या रात्री, मध्यरात्रीच्या थोडे आधी, 'राजपूत' पुन्हा बंदराबाहेर निघाली. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. विशाखापट्टणमचे बंदर आतल्या बाजूला आहे. 'डॉल्फिन्स नोज' नावाच्या टेकडीच्या पायथ्याच्या अरुंद खाडीतून बोटीला हळूहळू बाहेर यावे लागते. वाट दाखवणारा पायलट उतरून गेला. तेव्हा इंदर सिंग यांच्या मनात आले, की पाणबुडी बंदराबाहेर टपून असेल तर आपल्यावर झडप घालायला तिला हीच जागा सोयीची. त्यांनी वेग वाढवायला सांगितले. इतक्यात पुढे साधारण अर्ध्या मैलावर पाणी विचित्र ढवळल्यासारखे दिसले. बोट त्या जागेवरून नेऊन त्यांनी दोन डेप्थ चार्ज टाकले. आसपास शोध घेतला, काही हाती लागले नाही, आणि 'राजपूत' ठरलेल्या कामगिरीवर निघून गेली. त्यानंतर तो स्फोट झाला.

सकाळी समुद्रावर तेलाचे तवंग आणि तुटकेफुटके सामान तरंगताना दिसले. नौदलाचे पाणबुडे खाली उतरले. तळाशी 'गाझी' होती, तिचा पुढचा भाग फुटलेला. तिच्यावरचे एक घड्याळ स्फोटाच्या सुमारासच थांबलेले होते. त्याच ४ डिसेंबरला 'विक्रांत'ची विमाने कॉक्स बझारवर तुटून पडली. ९ डिसेंबरला 'गाझी' बुडाल्याची घोषणा झाली. आणि त्याच संध्याकाळी दीवच्या समुद्रात आपली 'खुकरी' पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. १९६१ साली 'राजपूत'च्या बरोबरीने 'विक्रांत'भोवती पहारा देणारी हीच 'खुकरी'. मामा त्या दिवसांविषयी बोलताना 'गाझी'पाशी कधी थांबत नसत. 'खुकरी' आली की गप्प होत.

'गाझी' नेमकी बुडाली कशाने? 'राजपूत'च्या डेप्थ चार्जने, असे कृष्णन यांचे म्हणणे होते आणि आपल्याकडे तेच रूढ झाले. ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगांवर गेली, हे पाकिस्तानचे म्हणणे. तिच्या आतच टॉर्पेडो किंवा सुरुंगांचा स्फोट झाला असावा, बॅटऱ्यांमधून निघणारा हायड्रोजन साठून भडकला असावा, असे अंदाजही जाणकारांनी मांडले आहेत. फुटलेला पत्रा आतून बाहेर वळला आहे की बाहेरून आत, यावर वाद झाले. २०१० मध्ये तर या प्रकरणाचे मूळ कागद नौदलाकडे उरलेलेच नाहीत, अशा बातम्या आल्या.

या वादात एका माणसाचे वागणे मला विचार करायला लावते. जुनी 'राजपूत' १९७६ मध्ये सेवेतून गेली. १९८० च्या मे महिन्यात सोव्हिएत संघातल्या पोती बंदरात नवी 'राजपूत' आपल्या नौदलात दाखल झाली, क्षेपणास्त्रे वाहणारी आधुनिक विनाशिका. तिचे पहिले कप्तान होते गुलाब मोहनलाल हिरानंदानी. पुढे ते व्हाइस अॅडमिरल झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी नौदलाचा इतिहास लिहिला. 'राजपूत' या नावाचा अभिमान त्यांच्याइतका कुणाला असणार! तरीही 'गाझी'च्या प्रकरणात त्यांनी कृष्णन यांची हकिकतही दिली आणि पाकिस्तानची बाजूही वाचकांपुढे ठेवली. आपल्याच बोटीच्या नावावर लागलेले श्रेय तपासायला खुले ठेवणे सोपे नसते.

काही वर्षांपूर्वी मी विशाखापट्टणमला गेलो. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर १९७१ च्या विजयाचे स्मारक आहे. जवळच 'कुरसुरा' ही आपली निवृत्त पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे आणि तिच्यात आत जाऊन पाहता येते. मी तिकीट काढून आत गेलो. एका माणसाने वाट दिल्याशिवाय दुसऱ्याला पुढे सरकता येऊ नये इतक्या अरुंद जागा, एकावर एक टांगलेल्या झोपायच्या फळ्या, डोक्याला लागणारे पाइप. डिसेंबर असूनही घाम फुटला. मागच्या रांगेतल्या एका मुलाने आपल्या आजोबांना विचारले, "आजोबा, यात स्फोट झाला तर बाहेर कसं यायचं?" आजोबांनी त्याचा हात घट्ट धरला आणि "चल पुढे" एवढेच म्हणाले. बाहेर आल्यावर मी समुद्राकडे तोंड करून बराच वेळ बसलो. 'गाझी' तिथेच समोर कुठेतरी होती.

तिथे बसल्यावर माझे ते मत पक्के झाले. 'राजपूत'चे मोठेपण आपण त्या दोन डेप्थ चार्जमध्ये शोधतो, आणि म्हणून ते वादात सापडते. पत्रा आतून फुटला असे कुणी म्हटले की आपण हिरमुसतो. पण ते दोन पिंप पाण्यात पडण्याच्या आधीच तिचे काम झालेले होते. ते काम असे होते, की शत्रूने टॉर्पेडो सोडलाच तर तो 'विक्रांत'ऐवजी आपल्यावर सुटावा. पातळ पत्र्याच्या त्या जुन्या बोटीवरच्या माणसांना हे माहीत होते. तरी त्यांनी मोठ्याने बोलत, स्वतःकडे लक्ष वेधून घेत समुद्रात वावरायचे होते. 'गाझी' कुठल्याही कारणाने बुडालेली असो, ती 'विक्रांत'पासून शेकडो मैल दूर, एका खोट्या तारेच्या मागे येऊन बुडाली, यात वाद नाही. विनाशिकेचा धर्म राखणदाराचा. १९६१ मध्ये 'राजपूत'ने तो 'विक्रांत'च्या शेजारी राहून पाळला, १९७१ मध्ये तिच्यापासून लांब राहून, तिचेच नाव घेऊन.

ज्या बोटीसाठी हे सारे केले ती 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. शाळेच्या सहलीत ती पाहिलेली मुले आज मोठी झाली आहेत. २०१४ मध्ये ती भंगारात गेली. जुन्या 'राजपूत'चे तर काहीच उरले नाही. नवी 'राजपूत' ४१ वर्षे सेवा करून मे २०२१ मध्ये निवृत्त झाली, तीही विशाखापट्टणमलाच.

उरली आहे ती 'गाझी'. खोल पाण्यात अडकलेल्या पाणबुडीतल्या माणसांची सुटका करणारे एक आधुनिक यान आपल्या नौदलाने घेतले आहे. त्या यानाने 'गाझी'चे अवशेष पाहिल्याच्या बातम्या २०२४ च्या सुरुवातीला आल्या. बुडालेल्यांविषयीच्या आदरामुळे नौदलाने त्या अवशेषांना हात लावला नाही, असेही त्यांत होते. ते वाचून मला ती तार आठवली. तिच्यातली आजारी आई काल्पनिक होती, पण 'गाझी'तल्या ९३ जणांची वाट पाहणारी घरे खरी होती. जिन्यावर मामांची पावले वाजली आणि आई उठली, ती पहाट मला अजून आठवते. तशी पावले ज्या घरांत वाजली नाहीत, त्यांच्या माणसांना नौदलाने आहे तिथेच राहू दिले, हे फार बरे केले.